गोदीत बर्फ पडला

एक दोन तीन चार!

आणि पहिल्याच गाण्यात वाल्तेरचा चष्मा नाकावरून घसरला.

लोक हसले. पूर्वी हे कुणाला दिसलंही नसतं. ‘कोनोप’ क्लबमध्ये कायम अंधार. जहाजांचे दोरखंड ठेवायचं जुनं गुदाम ते, खिडकी म्हणून नाही, आणि त्या अंधारात रियेका बंदरातली अख्खी एक पिढी बावीस वर्षांचीच राहिली होती. आता नव्या छपराला काचेचे मोठाले चौकोन बसवले होते. रविवारची दुपार सरळ डोक्यावर ओतली जात होती आणि डोकी बघावीत तर निम्मी टकली. काळी जाकिटं पोटावर मिटत नव्हती. एकमेकांना उजेडात बघून लोक ओशाळत होते, चुकून दुसऱ्याच्या न्हाणीघराचं दार उघडावं तसे.

“ए वाल्ते, दोरी बांध चष्म्याला!” मागून कुणीतरी ओरडलं.

“तू आधी पोटाला बांध!” वाल्तेर माइकमध्ये म्हणाला. “गळतंय बघ खाली.”

हशा. नीवेस हसली नाही. ती पहिल्या खांबाशी उभी होती. साठी उलटलेली बाई, करडे केस मानेवर कापलेले, खांद्याला बाजाराची पिशवी. पिशवीत एकच वस्तू होती आणि तिच्या वजनानं तो खांदा खाली ओढला जात होता. लिवियोचा पाना. गोदीतला, लोखंडी, हातभर लांब.

लिवियो तिचा धाकटा भाऊ. या बँडचा पहिला ड्रमवाला. आता त्याच्या जागेवर एल्विस बसतो. (या किनाऱ्यावर हे नाव गल्लोगल्ली सापडतं, कुणाला त्याचं हसू येत नाही.) एल्विसची बेकरी आहे, तो पहाटे तीनला उठतो, म्हणून हल्ली कार्यक्रम दुपारी. पंक जेवून-झोपून उठल्यावर.

नीवेस आली होती ती एका गाण्यासाठी. बाकीची ऐकली काय, न ऐकली काय. आणि तेच गाणं आज होणार नव्हतं. हे तिला

एक दोन तीन चार!

हे तिला अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं. मागच्या खोलीत.

“आलीस? ये, ये. बस. त्या खोक्यावर बस, खुर्ची मोडकीय.”

वाल्तेर मध घातलेला काढा पीत होता. याच खोलीत तो पूर्वी बाटलीनं राकिया दारू प्यायचा.

“बसत नाही. कधी घेताय? मध्ये की शेवटी?”

“काय?”

“काय काय? बर्फाचं.”

वाल्तेरनं काढा फुंकला. जरा जास्तच वेळ फुंकला.

“नीवे, आज ते नाही घेत आम्ही.”

“म्हणजे?”

“म्हणजे आज नाही. पुढच्या वेळी घेऊ. दोनदा घेऊ.”

“वाल्तेर.”

“अगं, छप्पर कुणी दिलं माहितीये ना तुला?”

“मला माहितीये. माझ्या दोरीवरच्या चादरींनाही माहितीये.”

“झालं, चादरी आल्या! ऐक. पालिका कुलूप ठोकणार होती. डोक्यात तुकडे पडायला लागले होते लोकांच्या. हे कंपनीवाले आले, म्हणाले आम्ही बांधून देतो, फुकट. एवढंच म्हणाले, पहिल्या कार्यक्रमाला आमची माणसं असतील, तेव्हा ते एक नको. एक! चाळीस वर्षांची गाणी आहेत आपल्याकडे, निम्मी तर मलाच आठवत नाहीत. एका गाण्यावाचून कुणी मरत नाही.”

बोलून झालं आणि त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते.

“थांबलास का? बोल की.”

“मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“त्याच्या खाटेशी बसून काय म्हणाला होतास?”

“नीवे, आता नको.”

“माझ्यासमोर म्हणालास. त्याच्या नाकात नळी होती. मी उभा आहे तोवर त्या गाण्याशिवाय एक कार्यक्रम होणार नाही, लिवियो. हेच म्हणालास ना? आणि तो काय म्हणाला?”

वाल्तेरनं कपात बघितलं.

“तो म्हणाला, उभा राहू नकोस, साल्या, बसून गा, पण गा. आणि मग हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. आठवतंय?”

“आठवतंय.”

“आमच्या आईच्या हातचं किती वर्षं जेवलास? पातेल्यात पाव फिरवून फिरवून—”

“जेवण काढायचं नाही हां!” वाल्तेरनं कप आपटला. “क्लब बंद पडला तर तुझ्या भावाचं गाणं गायचं कुठे? मंडईत? कोबीच्या ढिगावर चढून?”

“गा की कोबीवर. त्यांच्या छपराखाली शेपूट घालण्यापेक्षा शोभून दिसेल.”

“तुला काय जातंय बोलायला!”

“मला?” नीवेस म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “मला काय जातंय?”

एक दोन तीन चार!

तिसरं गाणं. पोलिसावरचं. तो पोलीस कधीच निवृत्त झाला, आता तो दर कार्यक्रमाला येतो आणि पुढे उभा राहून स्वतःवरचं गाणं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणतो. लोक त्याची पाठ थोपटत होते.

नीवेस खांबाकडे बघत होती.

बँडचं नाव पेती दोक. पाचवी गोदी. जहाजांच्या कारखान्यात गोद्या होत्या चारच. पाचवी म्हणजे फाटकासमोरचा गुत्ता, पाळी सुटली की सगळे तिथे नांगर टाकायचे. तिथेच वाल्तेर आणि लिवियोनं बँड काढला. वाल्तेर वेल्डर. लिवियो इंजिनाच्या खोलीत नळांना गरम कापड गुंडाळणारा. गरम कापड म्हणजे ॲस्बेस्टॉस, पण हा शब्द तेव्हा कुणी वापरत नसे. पांढरं, मऊ, दोरासारखं, कणकेसारखंही. पाण्यात कालवायचं, नळावर थापायचं, सुकलं की खरवडून काढायचं. खोलीभर उडायचं. ऑगस्टच्या उकाड्यात पोरं उघड्या अंगानं त्याचे गोळे करून एकमेकांना मारायची. फोरमनच्या टोपीत भरून ठेवायची. लिवियोनं त्यावर गाणं केलं, ‘गोदीत बर्फ पडला’. गमतीचं गाणं! पहिल्यांदा म्हटलं तेव्हा लोक हसून हसून खाली बसले होते.

त्या गाण्यातला एक शब्दही पुढे कुणी बदलला नाही. माणसं तेवढी एकेक कमी होत गेली, आणि शब्द तेच राहून गाणं वेगळं झालं.

आणि त्या गाण्याची एक रीत होती. गोदीत एखाद्याची शेवटची पाळी असली की बाकीचे जहाजाच्या पत्र्यावर हातोड्यांनी ठोकायचे. जो जिथे असेल तिथून. सगळं जहाज घंटेसारखं वाजायचं आणि तो माणूस डबा घेऊन फाटकातून बाहेर पडेपर्यंत वाजत राहायचं. लिवियोनं तेच गाण्यात घेतलं. बँडनं हे गाणं सुरू करायचंच नाही. वाल्तेरनं एक दोन तीन चार म्हणायचं नाही. खालून, लोकांतून, कुणालातरी वाटेल तेव्हा त्यानं खांबावर ठोकायचं. बाटलीनं, किल्ल्यांनी, जे हातात असेल त्यानं. कोनोपला चार ओतीव लोखंडाचे खांब आहेत. मग दुसऱ्यानं उचलायचं, तिसऱ्यानं, आणि चारही खांब बोलायला लागले की वरून ड्रम यायचा.

म्हणजे वाल्तेर कितीही म्हणाला आज नाही, तरी ते त्याच्या हातात नव्हतंच.

असं नीवेसला वाटलं होतं. मागच्या खोलीतून आत गुदामात पाऊल टाकेपर्यंत.

कारण आत

एक दोन तीन चार!

आत खांब नव्हते. खांबांच्या जागी चार पांढऱ्या चौकोनी पेट्या उभ्या होत्या, जमिनीपासून आढ्यापर्यंत. गुळगुळीत, दवाखान्यासारख्या. लोखंडाला चारी बाजूंनी जिप्समच्या पाट्या ठोकून वरून रंग दिलेला.

“हे काय केलंय?” तिनं गल्ल्यामागच्या यद्रांकाला विचारलं होतं. यद्रांका पंचवीस वर्षं तिथे बिअर ओतते.

“छान दिसतं म्हणे. काय पिणार?”

“बाटली दे.”

“बाटल्या नाहीत.” यद्रांकानं तिच्या नजरेला नजर दिली नाही. “प्लास्टिकचे पेले आलेत. त्यांनीच पाठवले, खोकी भरभरून. काच नको म्हणाले. कुणाला लागेल.”

“लागेल?”

“मी काय करू, नीवेस? मला सांगितलं, मी ओततेय.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तेव्हा तिला कळलं. गाणं नको एवढं म्हणून ते थांबले नव्हते. कुणीतरी नीट विचार केला होता. ठोकायला काय लागतं, कशावर ठोकतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते सांगणारा माणूस गोदीतलाच असणार. वेल्डर असणार.

ती घरी परत गेली. घर समोरच, रस्ता ओलांडला की. पलंगाखालून पाना काढला.

आणि आता हे चौथं गाणं चाललं होतं, नवं, कुणाला पाठ नसलेलं. लोक मान हलवत होते, घड्याळ बघत होते. गल्ल्याच्या कडेला निळ्या कोटातला माणूस उभा होता. हातात प्लास्टिकचा पेला, चेहऱ्यावर लग्नात आलेल्या दूरच्या पाहुण्याचं हसू. ज्या कंपनीनं बंद गोदीची जमीन घेतली, जिथे आता श्रीमंतांच्या नौका नांगरायच्या आहेत, त्या कंपनीचा माणूस. नीवेस त्याला ओळखत होती.

मे महिन्यात त्यांनी जुनं छप्पर उतरवलं. जुनं छप्परही त्याच मालाचं, करड्या नालीदार पत्र्यांचं, सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस. असे पत्रे भिजवून, अख्खे उचलून, गुंडाळून न्यायचे असतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, या शहरात तर शेंबड्या पोरालाही. मजूर आले ते हातोडे घेऊन. तोंडाला फडकं नाही. वर चढले, फोडलं, खाली टाकलं. दोन दिवसांत मोकळे.

नीवेसनं त्या सकाळी चादरी वाळत घातल्या होत्या. काढायला सज्जात गेली तर चादरींवर पीठ. कठड्यावर पीठ. तुळशीसारख्या लहान पानांचं तिचं बासिलिकोचं झाड, त्याच्या पानापानावर पीठ. ती हात लावणार होती, आणि तिचा श्वास आपोआप अडला. डोक्याला कळायच्या आधी छातीला कळलं. कारण याच सज्जात, याच कठड्यावर ती रोज संध्याकाळी लिवियोचे कामाचे कपडे झटकायची. तेव्हा ती वीस-बावीस वर्षांची होती. आई ओरडायची, बाहेर झटक, घरात सांडू नकोस. ती गाणं म्हणत झटकायची.

आता दर वर्षी तिच्याही छातीचा फोटो काढतात. तुला काय जातंय बोलायला!

ती खाली धावली होती आणि तिथे हाच निळा कोट भेटला होता.

“बाई, घाबरू नका. साधा सिमेंटचा भुगा आहे.”

“माझा भाऊ या भुग्यानं मेलाय.”

“वाईट वाटलं ऐकून. पण हा तो नाही. आमच्याकडे कागद आहेत. तुम्ही खिडक्या लावून घ्या ना दोन दिवस.”

आणि लहान मुलीला म्हणावं तसं, “हं?”

त्या “हं?”वर ती पाच महिने झोपली नव्हती.

“बर्फ!”

गाणं संपल्या संपल्या मागून कुणीतरी ओरडलं. “बर्फ पाड, वाल्ते!”

“बर्फ! बर्फ!”

“होईल, होईल,” वाल्तेर घाम पुसत म्हणाला. “बाहेर दक्षिणेचा यूगो वारा सुटलाय, अंगाला चिकचिक होतेय, बर्फ कुठून आणू? आधी हे घ्या—”

पोलिसानं आपल्या हातातला पेला पांढऱ्या पेटीवर मारला. पेला चेपला, बिअर त्याच्याच बाहीत गेली. लोक हसले. दुसऱ्यानं किल्ल्या काढून ठोकून बघितलं. खस, खस. पाटीवर दोन ओरखडे. आणखी एकदोघांनी तळव्यानं थापटलं. पोकळ, मेलेला आवाज, खोक्यात मांजर हलल्यासारखा. एक मिनिट, फार तर दोन, लोकांनी इकडेतिकडे चाचपलं, वाजणारं काही शोधलं, आणि मग, हे नीवेसनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी सोडून दिलं. खांदे उडवले. गोदी गेली तेव्हाही असेच उडवले होते.

वाल्तेरनं सगळं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं काहीतरी येऊन गेलं. इतकंसं. नव्या छपरातून उजेड नसता तर दिसलंही नसतं.

“एक दोन तीन—”

नीवेसनं पाना काढला आणि पेटीवर मारला.

ढब.

“ए! ए बाई!”

पुन्हा. पाटीला खड्डा पडला. तिसऱ्या फटक्याला पाना आत गेला आणि अडकला. तिनं पाय लावून ओढला, तशी हातभर पाटी फाटून बाहेर आली. आणि आतून, वरच्या पोकळीतून, भसकन पांढरी पूड सुटली. तिच्या केसांवर, पोलिसाच्या टकलावर, आजूबाजूच्या काळ्या जाकिटांवर. काचेतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात ती तरंगायला लागली, सावकाश, अगदी सावकाश, वर जावं की खाली यावं हे न ठरल्यासारखी.

बँड थांबला.

 कुणी श्वास घेतला नाही. दीडदोनशे माणसं तोंड मिटून उभी. कुणी गळ्यातला रुमाल नाकावर ओढला, कुणी बायकोला मागे लोटलं. वयच तसं होतं सगळ्यांचं. या लोकांना पांढरी पूड नुसती दिसली तरी छाती आपली आपण बंद होते.

निळा कोट गर्दीतून वाट काढत आला. बाहीनं नाक दाबून.

“काही नाही, काही नाही! घाबरू नका! नुसतं जिप्सम आहे, जिप्सम! काही होत नाही त्यानं!”

नीवेस त्याच्याकडे वळली. भुवयांवर पूड.

“मग घ्या की श्वास.”

“काय?”

“जिप्सम आहे ना? हात काढा नाकावरचा. घ्या.”

“बाई, तुम्ही नुकसान केलंय, तुम्हाला—”

“घ्या श्वास, साहेब. लांब घ्या. आम्ही बघतोय.”

त्यानं हात काढला नाही. काढायला हवा होता. ते खरंच जिप्सम होतं. पण त्यानं मे महिन्यात कागद बघितले होते आणि कागदांवर काय नव्हतं तेही त्याला माहीत होतं, आणि त्याच्या हातालाही ते माहीत होतं. हात नाकावरून निघेना.

“घे ना!” पोलीस ओरडला. टकलावर पीठ घेऊन. “घे की रे, आम्ही चाळीस वर्षं घेतला!”

“घे श्वास!” मागून एक बाई. मग दोघे. मग सगळे एका आवाजात, “घे! घे! घे!” मैदानावर संघाला ओरडतात तसे. निळा कोट मागे मागे सरकत गेला, त्याचा पेला कुणाच्या तरी पायाखाली फुटला, आणि दार उघडून मिटल्याचा आवाज आला.

आता पाटीच्या भोकातून लोखंड दिसत होतं. जुनं, काळं, त्यावर बाटल्यांचे ठोकल्याचे खोलगट वण. नीवेसनं पाना धरला.

ठण्ण.

छपरापर्यंत गेला तो आवाज.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण-ठण्ण.

वाल्तेर माइकशी आला. हलकेच, मुलाला समजवावं तसा म्हणाला, “नीवे, झालं तुझ्या मनासारखं. ठेव आता.” आणि एल्विसकडे बघून, घाईघाईनं, “एक दोन तीन—”

चार आलाच नाही. एल्विसनं काड्या मांडीवर ठेवल्या होत्या.

“माझ्याकडे काय बघतोस?” एल्विस म्हणाला. त्याच्यापुढे माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. “हे गाणं आपण सुरू करत नाही. खालून झालंय सुरू.”

“एल्विस, क्लब जाईल.”

“मी पाव भाजीन.”

यद्रांकानं बिअरचं रिकामं पिंप गल्ल्यावर आडवं केलं आणि बाटली उघडायच्या लोखंडी चावीनं त्यावर ठोकायला लागली. तोंड वाकडं करून, कुणावर तरी सूड उगवत असल्यासारखी. मग कुणीतरी सांडपाण्याचा नळ सापडला म्हणून ओरडलं. कुणी दाराच्या कडीकोयंड्यावर. नीवेसचा पाना थांबला नाही. एल्विसनं काड्या उचलल्या.

वाल्तेर उभा होता. गिटारच्या तारांवर तळवा दाबून. लोकांनीच सुरुवात केली:

गोदीत बर्फ पडला, आई,
भर ऑगस्टात, भर उन्हात,
टोपीत बर्फ, डब्यात बर्फ,
घरी आणलाय थोडा खिशात—

पहिलं कडवं त्यांनी त्याच्याशिवाय म्हटलं. दुसऱ्याला त्याच्या ओठांनी त्याचं ऐकलं नाही. आधी नुसते हलले, मग आवाज आला, फाटका, वरच्या पट्टीला न पोचणारा. पण तो वाल्तेरचा आवाज होता. या गावात तो आला की माणसं आपली आपण सरळ उभी राहतात. चष्मा घामानं खाली पडला. त्यानं उचलला नाही.

आई म्हणते झटक कपडे,
झटक आधी, मग ये आत—

इथे नीवेसचा फटका चुकला. ही ओळ तिच्यावर होती. आई म्हणायची, पण झटकायची ती. लिवियोनं यमक जुळेना म्हणून बहिणीला गाळलं होतं आणि तिला सांगितलं होतं, पुढच्या गाण्यात घालतो तुला. तिनं पाना दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मोठ्यानं, इतक्या मोठ्यानं मारला की मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या.

शेवटचं कडवं तीनदा झालं. मग एल्विसनं हात वर केले, आणि ठोकणं जागोजागी विरत गेलं.

वाल्तेरनं मूठ वर केली.

“लिवियो!” तो माइकमध्ये ओरडला. “शब्द दिला होता तुला, भावा! पाळला! ऐकतोयस? पाळला!”

छप्पर उडेल असा गलका झाला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, पीठ एकमेकांना लागलं. वाल्ते, वाल्ते, वाल्ते! कुणीतरी त्याचा चष्मा उचलून दिला. वाल्तेर रडत होता. खरंखुरं रडत होता, गाल ओले. ते पाणी खोटं असतं तर नीवेसला सोपं गेलं असतं. ते खरं होतं, आणि त्यानंच ती पेटली. तासाभरापूर्वी काढा फुंकणारा माणूस, खांबांना पेट्या घालायला सांगणारा माणूस, आत्ता एक दोन तीन म्हणणारा माणूस, आणि आता उद्या अख्खं रियेका म्हणणार, वाल्तेर बघा, कंपनीच्या नाकावर टिच्चून गायला. तो स्वतःही तेच म्हणणार. परवापासून त्याला ते खरं वाटायला लागणार.

तो रंगमंचाच्या कडेला आला, वाकला आणि हात पुढे केला.

“ये वर. ये ना, नीवे. लिवियोची बहीण, मंडळी! लोकांना बघू दे तुला.”

टाळ्या. वाट झाली. शंभर हात तिला पुढे ढकलायला तयार.

नीवेसनं त्याच्या हाताकडे बघितलं. वेल्डरचा हात, जळल्याच्या जुन्या खुणा, करंगळीच्या नखाचा तुकडा गेलेला. हा हात तिच्या आईच्या टेबलावर पाव मोडताना तिनं हजारदा पाहिला होता.

“या पेट्या कुणी सांगितल्या?” तिनं विचारलं.

“काय?”

“खांबांना. पाट्या घालायच्या हे त्यांना कुणी सांगितलं?”

माइक त्याच्या दुसऱ्या हातात होता, चालू. सगळ्यांना ऐकू गेलं. वाल्तेरचा पुढे केलेला हात तसाच राहिला, फक्त त्यात आता काही नव्हतं.

“अगं, आता झालं ना गाणं,” तो म्हणाला. “संपलं.”

“तीन खांब राहिलेत.”

ती वळली. लोक बाजूला झाले. आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. दुसरी पेटी पांढरी, गुळगुळीत, रंगाचा वास अजून न गेलेली. नीवेसनं रिकामी पिशवी खांद्यावरून काढून खाली टाकली आणि दोन्ही हातांनी पाना उचलला.